राज्याच्या जागा

डोळ्यांत थेंब घालून आजोबा दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी आणखी एक थेंबवाले गृहस्थ आणि त्यांची थोरली बहीण.

"ताई, डॉक्टरकीचा विषय संपला. देशाच्या यादीत पोरीचं नाव नाही."

"आणि राज्याच्या?"

"देशात राज्य येत नाही का?"

"अरे शहाण्या, देशाच्या यादीला थोड्याच जागा. बाकीच्या आपल्या राज्यातल्या मुलांसाठी राखलेल्या. त्यांची यादी अजून लागायचीय!"

"तिथे मिळेल तिला?"

"माझ्या धाकटीला हिच्याहून कमी मार्क होते. राज्यातूनच लागली ना ती?"

"अगं, मग मी काय करून बसलो! सकाळीच तिला दुसऱ्या कॉलेजात धाडलंय, मूळ दाखले देऊन. एकदा जमा केले की लवकर परत मिळत नाहीत."

"मग लाव फोन!"

"मला दिसतंय कुठे? तूच लाव. स्पीकरवर टाक."

आजोबांनी श्वास रोखला.

"बाळा, कुठे आहेस?"

"रांगेत. माझ्यापुढे एकच जण आहे, बाबा."

"रांग सोड! आत्या म्हणतेय, राज्याची यादी बाकी आहे."

"तेच मी कालपासून सांगतेय, बाबा!"

"चुकलं माझं. तू घरी ये."

तेवढ्यात नर्स आली.

"काका, रडताय काय? औषध सगळं वाहून गेलं. पुन्हा घालावं लागेल."

"घाला, घाला. बाटलीभर घाला."

"आणि आजोबा, तुमचंही?"

"जरा झोंबतंय," आजोबा म्हणाले.