एकच कठडा सगळ्या बिल्डिंगींना

मी मूळचा तारोडीचा. बाप समुद्रावर जायचा, आई वाडीत भाजी लावायची, मला मात्र लहानपणापासून रेघा मारायचा नाद, म्हणून आयटीआय करून ड्राफ्ट्समन झालो आणि भाईंदरला एका बिल्डरकडे नकाशे काढायला लागलो. बाप म्हणायचा, कागदावर घरं बांधतंस, त्यात ऱ्हानार कोन हाय? मी हसायचो त्याला.

आता आमचा धंदा काय सांगू तुम्हाला. अपंगांसाठी रॅम्प दाखवल्याशिवाय नकाशा पास होत नाही. हिशेब सोपा, जोतं एक फूट उंच तर रॅम्प बारा फूट लांब. आमच्याकडची जमीन मिठागराची, पावसात पाणी भरतं, म्हणून जोतं तीन फूट, म्हणजे रॅम्प छत्तीस फूट. तेवढ्या जागेत दोन दुकानं बसतात, मग रॅम्प कोण बांधणार? मी कागदावर तो इंचाइंचाने बरोबर काढायचो आणि साइटवर ग्रॅनाइटच्या पाच पायऱ्या लागायच्या. तपासणीच्या दिवशी पायऱ्यांवर डेब्रिज ओतायचं, वरून सिमेंटचा हात फिरवायचा, बाजूला स्टीलचा कठडा ठोकायचा. फोटो समोरून काढायचा, म्हणजे चढ किती उभा आहे ते कळत नाही. ही माझी अक्कल बरं का. पालिकेचे साहेब चहा पिऊन गेले की सगळं फोडायचं, आणि कठडा टेम्पोत टाकून नवघरहून घोडबंदरला, पुढच्या तपासणीला. एकच कठडा सगळ्या बिल्डिंगींना पुरला.

हलकट होतो आम्ही. बिल्डरला नकाशा वाचता येत नव्हता, साहेबाला वाचायचा नव्हता. मला वाचता येत होता, म्हणून सगळ्यांत हलकट मी.

नवघरच्या बिल्डिंगीत शोभाताई फ्लॅट बघायला आल्या. पोलिओने पाय गेलेले, ब्लाउज शिवून पोट भरणारी बाई, सोबत भाऊ. माझी खुर्ची आत जाईल ना, एवढंच विचारलं. मी नकाशा पसरला, रॅम्पवर बोट ठेवलं, म्हटलं, बघा ना ताई, तुमच्यासाठीच काढलाय. वर जायला लिफ्ट होतीच, त्या बोटावर विश्वास ठेवून त्यांनी चौथ्या मजल्यावर घर घेतलं. ताबा घ्यायला आल्या तर समोर पाच पायऱ्या. भाऊ होता तोवर वॉचमनला हाताशी धरून खुर्ची उचलायचा. भाऊ गेला, आणि बाई वर अडकली ती अडकलीच.

सोसायटीकडे रॅम्प मागितला तर चेअरमन म्हणाला, बेन, शुरू से ऐसाच है, प्लान में रॅम्प था ही नहीं. सेक्रेटरी म्हणाला, एका बाईसाठी आम्ही पार्किंग फोडायची का? याच सेक्रेटरीला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉचमनने पाठुंगळी वर नेलं होतं. गुडघा बरा झाला, पायऱ्या विसरला.

शेवटी ताईंनी पालिकेत तक्रार केली, इतक्या वर्षांनी मला ते वॉचमनकडून कळलं. ऑफिसात फाइल सापडेना. नकाशाची एक प्रत माझ्याकडे होती. बायको म्हणाली, या वयात स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेणार का? म्हटलं, ते कधीच फासलंय, आता फक्त दाखवायचंय. सुनावणीत सगळं सांगितलं, रेघ माझी, डेब्रिज माझं, फोटोची अक्कल माझी. चेअरमन ओरडला, अंकल, इतने साल चुप क्यों बैठे? आयुष्यात त्याने पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला. मी म्हटलं, भित्रा होतो. बाहेर ताईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, हात जोडून खुर्ची चढत नाही हो.

रॅम्प बांधायचा हुकूम झाला. कमिटीच्या दोन गाड्यांची जागा गेली, छत्तीस फूट मी स्वतः टेप धरून मोजले. आणि कमिटीचा निर्लज्जपणा बघा, उद्घाटन ठेवलं, फीत बांधली, सोसायटीचा उपक्रम म्हणून बोर्ड लावला, दहा वाजता पाहुणे येणार. शोभाताई सातलाच एकट्या खाली आल्या, मान वाकवून फितीखालून गेल्या, बाजारातून बोंबील घेऊन परत आल्या. मी गेटपाशीच उभा होतो, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे. देव त्यांना सुखात ठेवो.

माझ्या पलंगाखाली आणखी अकरा बिल्डिंगींचे नकाशे आहेत. तुम्ही लिहून घ्या, मी नावं सांगतो.