उजव्या बाजूचा खिसा

— नाही, हात खाली घेऊ नका मोन्सिन्योर, बगलेत टाचण्या आहेत. हललात तर टोचतील, आणि रविवारी बिशप झाल्यावर सगळ्यांना सांगत फिराल की एर्सिलियाने मुद्दाम टोचल्या. स्टुलावर सरळ उभे राहा. लांब वाटतोय हा पांढरा अंगरखा? वाटू दे, घोट्यापर्यंत यायलाच हवा. तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा, सेमिनरीत शिकलात तुम्ही — पण शिवणारीला थोडं जास्त कळतं, आम्ही कापडाची उलटी बाजू बघतो ना. जुन्या रोममध्ये गाढवं हाकणारासुद्धा असलाच अंगरखा घालून फिरायचा. मग लोकांची फॅशन बदलली, पाद्री काही बदलले नाहीत, झालं. पांढरा म्हणजे धुतलेलं मन, हे नंतर कुणीतरी लावलं. बाबा म्हणायचे, आधी कापड येतं, अर्थ मागाहून शिवतात. बाबा आठवतात ना? आठवणारच. आमच्याकडे किती रविवार जेवलात — आई आर्टिचोक तळायची, पहिलं ताट तुमच्यापुढे, मग माझ्या भावापुढे.

नको, तो विषय मी काढणार नव्हते. कमरेला दोरी बांधते, श्वास सोडा. ही कशाची दोरी, सांगा बघू? ब्रह्मचर्याची. बांधताना काहीतरी पुटपुटायचं असतं ना, देवा, माझ्यातली वासना विझव असं काहीसं? तुम्ही रोज पुटपुटत असाल. आणि इथे, डाव्या मनगटावर, पूर्वी एक फडकं असायचं — घाम पुसायला, रडू आलं तर डोळे पुसायला. ते आता बंद झालं. बाबा हळहळले होते, मी नाही. मी म्हटलं, रडतंय कोण हल्ली त्या वेदीसमोर? तुम्हाला तरी ते कधी लागलं असतं का? इलारिओला लागलं असतं. माझा भाऊ फळबाजारात एकोणीस वर्षं पेट्या उतरवत होता, मग एका गॅरेजच्या दारावर पहारा करत बसला. बाहीनेच डोळे पुसायचा.

बसायचंय? बसता येणार नाही, टाचण्या आहेत ना. आता थोडाच वेळ.

नाही, ते मला समजतंय, तुम्ही आपणहून माझ्या दुकानाची पायरी चढला नसतात. तुम्ही दोघं जिथे फादर होतात त्या गावच्या बायकांनी परस्पर ऑर्डर दिली. आमच्या हातचं भरतकाम आहे म्हणाल्या, शिवायला मात्र एर्सिलियाच पाहिजे. बाबांची मापांची वही तर केव्हाच वाळवीने खाल्लेली. म्हणून मी तुमच्या सेक्रेटरीला फोन केला की आमच्या दुकानात शिवलेला मोन्सिन्योरांचा एखादा जुना झगा असेल तर पाठवा, मापाला. भला माणूस, त्याने पेटी उघडली आणि अगदी तळाचा पाठवून दिला. तुम्हाला विचारलं नसणार. विचारलं असतं तर तुम्ही पाठवला असतात का? नसतात. मला माहितेय नसतात.

काळा झगा. तेहतीस बटणं, ख्रिस्ताच्या आयुष्याची जितकी वर्षं तितकी — एकही काज सैल झालेलं नाही. एकतीस वर्षांत तुम्ही तो अंगात घातलाच नाहीत. फेकलाही नाहीत, हे मला अजून उमगत नाही. तुम्ही दोघं एकाच दिवशी फादर झालात तेव्हा बाबांनी एका ताग्यातून दोन झगे बेतले. अंगकाठी सारखी, उंची सारखी. फरक एकच — इलारिओ डावखुरा. त्याचा हात पटकन जावा म्हणून आतला खिसा तुमच्यासारखा डावीकडे नाही, उजव्या बाजूला. तो मी शिवला. अठरा वर्षांची होते, टाका जरा वाकडा गेलाय, बाबांनी उसवायला सांगितलं तर मी उसवला नाही. आणि परवा मी तुमच्या झग्यात हात घातला मोन्सिन्योर, तर खिसा उजव्या बाजूला. माझाच वाकडा टाका.

मानेजवळ नावाची पट्टी. सेवेरिनो कोन्ती. पण हे टाके शिंप्याचे नाहीत, पुरुषाने घाईघाईत घातलेले आहेत. आणि पट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे, तीन-तीन बोटांवर, जुन्या सुईची भोकं. तुमचं नाव आखूड. इलारिओ ब्रान्दिमार्ते या नावाला पट्टी लांब लागते.

हलू नका म्हटलं ना.

आता तुम्ही ऐका. तुम्हा दोघांच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईला एका झग्याच्या खिशात पत्र सापडलं. दोन झगे सारखे, तिला पट्टीवरचं नाव वाचता येत नव्हतं. तुमच्या वरच्या म्हाताऱ्या फादरने काय केलं — पट्टी न बघताच पत्र खिशात ठेवलं, खिशाच्या तोंडावर लाख ओतली, मोहोर मारली आणि म्हणाला, बिशप येतील तेव्हाच उघडायचं. पत्र काही हलवता येणार नव्हतं. पण पट्टी हलवता येत होती. सोमवार ते गुरुवार दोन्ही झगे कपाटात शेजारी शेजारी लटकत होते. तुमच्या झग्यावर त्याचं नाव, त्याच्या झग्यावर तुमचं. बिशपांनी विचारलं, हा झगा कुणाचा? आणि तुम्ही काय म्हणालात? इलारिओने मला सांगितलंय, शब्दही विसरला नाही तो — तुम्ही म्हणालात, ‘आत नाव आहे, वाचा.’ वाचलं, आणि इलारिओचं पाद्रीपण गेलं.

तो का नाही बोलला म्हणता? माझा नाही एवढंच म्हणत राहिला. खिशाचं त्याला सुचलंच नाही. आपला खिसा कुठे आहे हे माणसाला कुठे माहीत असतं, हाताला माहीत असतं. खिसा मला माहीत होता. मी विचारायला हवं होतं. नुसतं विचारलं असतं की पत्र कुठल्या बाजूच्या खिशात सापडलं, तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी विचारलं नाही. मी ऐकलं, एका लग्न झालेल्या बाईचं प्रेमपत्र, आणि मला वाटलं, असेल. माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला वाटलं, असेल. तो जिन्यात उभा राहायचा आणि मी आतून कडी लावून बसायचे. चार वर्षं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे — तुम्हाला टाचण्या लावल्यात म्हणून असेल.

घाम आलाय तुम्हाला. फडकं देऊ?

डोकं वाकवा, आता वरचं चढवते. कासुला. कासुला म्हणजे इवलंसं घर, आठवतंय? मुळात काय, तर डोकं घालायला भोक पाडलेली घोंगडी, पावसात शेतकरी घालायचे. आणि अर्थ काय लावला? प्रेम — सगळ्यावर पांघरूण घालणारं. घातलंत की तुम्ही. छान एकतीस वर्षं पुरलं. पुढचं हे जैतुनाचं भरतकाम तुमच्या गावच्या बायकांचं. त्या रविवारी पहिल्या रांगेत बसणार, तेव्हा दुसरा कुठला कासुला घालायची सोय नाही. त्याच गावात इलारिओ त्यांच्या पोरांना बाप्तिस्मा द्यायचा, त्याही विसरलेल्या नाहीत.

बसलाय मस्त. आरशात बघू नका, आरशात दिसणार नाही. मानेच्या आत आहे. इलारिओच्या नावाची पट्टी मी स्वतः घातलीये, सगळ्या थरांतून, रेशमी दोऱ्याने. उसवायला गेलात तर कापड फाटेल. अंगरख्यात तेच नाव. गळ्यातल्या पट्ट्यात तेच, जिथे ओठ टेकून मग तो गळ्यात घालायचा असतो, अगदी तिथे. तुमचं नाव मी कुठेच घातलेलं नाही. रविवारी दोन फादर तुम्हाला हे चढवतील, बिशपाने स्वतः चढवायचं नसतं. त्यांना नाव दिसेल. ते विचारतील, मोन्सिन्योर, हे कुणाचं?

जुना झगा? तो परत मिळायचा नाही. तो वरच्या खोलीत आहे. काल इलारिओला घातला मी, उशीला टेकून बसवून. डॉक्टर म्हणतात महिनाभर, जास्त नाही. माणसं ओळखत नाही आता, मलाही नाही. इतकी वर्षं त्याचा डावा हात सारखा छातीच्या उजव्या बाजूला जायचा, चष्म्यासाठी, आणि तिथे काहीच नसायचं. मला वाटायचं सवय आहे. काल हात गेला, आणि आत गेला. खिसा सापडला त्याला. किती वेळ त्याने हात बाहेरच काढला नाही. त्याच झग्यात मी त्याला पुरणार आहे, आणि त्या पट्टीवर त्याचं नाव मी पुन्हा घातलंय.

काठी वाजवतोय बघा. सूप लागतं त्याला यावेळी. उतरा आता, हळू. टाचण्या घरी काढून घ्या, मला वेळ नाही.

आणि त्यांनी विचारलं की हे कुणाचं, तर घाबरू नकोस सेवेरिनो. उत्तर तुला पाठ आहे. म्हण, आत नाव आहे, वाचा. जाताना दार ओढून घे.