कॉफी अंगणात का ठेवली याबद्दल

मी वेदवतीबाई, पतीचे नाव कै. राधाकृष्ण राव, वय ५४, धंदा शिवण शिकवणे, राहणार सोलैअप्पन रस्ता, कुंभकोणम्. आज ता. १२ सप्टेंबर १९५५ रोजी ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष सांगते की,

येथील अपंग साहाय्य संघात मी बिनपगारी काम करते. संघाचे चिटणीस लक्ष्मीनारायण राव यांनी मी संघाचे कॉफीचे पातेले पळवले अशी फिर्याद दिली आहे. ते मनाने चांगले आहेत, विचारण्याची सवय तेवढी नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांनी कुबड्या घेणाऱ्यांना छत्र्या वाटल्या. छत्री कोणत्या हाताने धरायची, हे कोणाला विचारले नाही. म्हणून यंदा कुबड्यांवर चालणारा घड्याळजी रघुपती कार्यकारिणीसाठी उभा राहिला.

उमेदवार सभेत हजर हवा असा नियम आहे. काल सभा माडीवर ठेवली. जिना इतका अरुंद की त्यावर कुबड्या मावत नाहीत. रघुपती अंगणात थांबला. चिटणीस वरून म्हणाले, "चौघांस धाडतों, उचलून आणतील." रघुपती म्हणाला, "मी काय उत्सवमूर्ति कीं काय? अस्के खाली या." सगळ्यांनीच खाली यावे, हे ऐकून वर हशा झाला. गैरहजर म्हणून त्याचे नाव खोडायचे ठरू लागले. मला फार राग आला.

सभेची कॉफी मीच करते. ती वर न नेता मी अंगणात रघुपतीशेजारी ठेवली आणि झाकण काढले. वास वर गेला, त्याला माझा इलाज नाही. थोड्या वेळात सगळे सभासद उतरले. कोणालाही उचलून आणावे लागले नाही. अध्यक्ष गुरुमूर्ति राव यांच्या हाती पेला देऊन मी म्हटले, "अस्के आले, आतां सभा चालवा कीं." त्यांनी चालवली. रघुपती निवडून आला. त्याच्यासाठी चिटणीसांनीही हात वर केला. तो दुसऱ्या पेल्यासाठी होता, असे ते आता म्हणतात.

पातेले माझे आहे, आईने लग्नात दिलेले. चोरीचा प्रश्न येत नाही.

रघुपतीलाही साक्षीला बोलावले आहे. तो आला आहे, पण ठाण्याच्या पायऱ्या उंच, म्हणून खाली उभा आहे. हवालदारांनी मेज खाली आणावे. पातेले मी तिथेच ठेवले आहे.

हा जबाब हवालदार व्यंकोबा राव यांनी तमिळमध्ये लिहून मला आमच्या मराठी बोलीत ऐकवला. मी सांगितले तसाच आहे. ऐकवण्याचे काम पायऱ्यांखाली, रघुपतीशेजारी बसून झाले.