सांत पासियाच्या भिंतीवरचे पुसलेले नाव

दिनांक २५ ऑक्टोबर १९९६, शुक्रवार. वेळ सकाळी १० वाजून २० मिनिटे.

माझे नाव बेनेत फोंतानेल्स, वय ७१ वर्षे, निवृत्त, पूर्वी भुयारी रेल्वेत रूळ तपासनीस, राहणार बाजारामागची गल्ली, घर क्रमांक १४, चौथा मजला, डावीकडचे दार, बार्सिलोना.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटाच राहतो. मला कोणी बोलावलेले नाही, मी माझ्या पायांनी आलो आहे. हरवलेले इसम फेर्मी ग्रासेत, वय ६८, निवृत्त भूगोल शिक्षक, यांच्याबाबत आमच्या मंडळींनी मंगळवारी याच ठाण्यात जी माहिती दिली, तीत एक गोष्ट चुकीची आहे. ती चूक माझी आहे. बाकीच्यांना ती माहीत नाही.

फेर्मी, मी, असुंता ही निवृत्त नर्स आणि ओलेगेर हा जुना ट्राम कंडक्टर असे आम्ही चौघे दर गुरुवारी संध्याकाळी बाजारामागच्या बारमध्ये बसतो. शहराखालची बंद पडलेली स्टेशने हुडकणे हा आमचा छंद आहे. म्हातारपणी लोक कबुतरे पाळतात, आम्ही हे करतो. पद्धत अशी की, शेवटच्या डब्यात बसून खिडकीला कान लावायचा आणि हातात सेकंदाचे घड्याळ धरायचे. बोगद्यात गाडीचा आवाज अंगाशी घट्ट असतो. बाजूला जुना फलाट आला की तो एकदम सैल पडतो. किती सेकंद सैल पडला यावरून फलाटाची लांबी निघते. मग जुने नकाशे, जुनी तिकिटे, म्हातारे कामगार यांच्याकडून खात्री करायची आणि शेवटी खाली उतरून पाहायचे.

उतरण्याची परवानगी होती काय असे विचारल्यावरून सांगतो की, नव्हती. किल्ली माझी. नोकरी सोडताना सगळ्या किल्ल्या जमा केल्या असे मी सही करून दिले होते, ते खोटे होते. तिच्यावरून प्रत्येकाला एकेक नक्कल करून दिली. मूळ किल्ली आज आपल्या टेबलावर ठेवली आहे.

सांत पासिया हे स्टेशन खोदून, फरशा लावून तयार झाले, पण उघडले मात्र कधीच नाही. बाजाराच्या तळघरातल्या लोखंडी दारातून एक जिना तिथे उतरतो. जिन्याच्या पायथ्याशी पांढऱ्या फरशांची भिंत आहे. आमचा नियम असा की, उतरणाऱ्याने त्या भिंतीवर खडूने नाव आणि वेळ लिहायची आणि वर जाताना स्वतःच्या हाताने पुसायची. ज्याचे नाव त्याचाच हात, दुसऱ्याने शिवायचे नाही. शेजारच्या रुळावरून दर पाच मिनिटांनी गाडी जाते, त्यामुळे वर गेलेल्या माणसाला खाली शोधत फिरणे जिवावरचे आहे. आणि भिंतीवर नाव असेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, हेही ठरलेले आहे. नऊ वर्षांत या नियमाने आम्हाला दगा दिलेला नाही.

फेर्मी या नियमाला दोनदा चुकला. दोन्ही वेळा याच वर्षी, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. दुसऱ्या वेळी आम्ही तिघे सात तास बोगद्यात त्याच्या नावाने ओरडत फिरलो. शेवटी ओलेगेर वर जाऊन त्याच्या घरी धडकला, तर हा जेवायला बसलेला.

"अरे मेल्या, आम्ही तुझं प्रेत शोधतोय!" ओलेगेर ओरडला.

"मी गोगलगायी खातोय," फेर्मी म्हणाला. "बस ना, आहेत अजून."

त्या दिवशी आम्ही हसलो. पण तो दुकानात जाऊन काय आणायचे ते विसरायला लागला होता, हे मला माहीत होते. त्याची बायको रेमेई हिलाही माहीत होते. आम्ही कोणी त्याबद्दल बोलत नसू.

फेर्मी खाली काय शोधत होता असे विचारल्यावरून सांगतो की, दुसरा फलाट. त्याचा बाप १९३४ साली सांत पासियात फरशा लावायला होता. आपण दोन फलाटांना फरशा लावल्या, एकाखाली एक, असे तो मरेपर्यंत सांगत असे. कागदोपत्री फलाट एकच. त्यामुळे वस्तीत बापाला थापाड्या म्हणत आणि शाळेत पोराला थापाड्याचा पोर. फेर्मीने त्यावर अकरा वर्षे घालवली. मी स्वतः बत्तीस वर्षे त्या रुळांवर चाललो, मला दुसरा फलाट दिसला नाही. पण बोगद्यात हवा खेळावी म्हणून खणलेल्या हवेच्या विहिरीत एक शिडी खाली जाते हे मला माहीत होते. १९६१ साली मी ती वरून पाहिली होती. खालच्या पायऱ्या तेव्हाच गंजलेल्या होत्या आणि तळाशी पाणी होते.

गुरुवार दि. १७ रोजी फेर्मी बारमध्ये उशिरा आला. कोपरापर्यंत चुना माखलेला होता. ऑलिव्हची बशी बाजूला सारून त्याने नकाशा पसरला.

"सापडलं," तो म्हणाला. "हवेच्या विहिरीच्या मागं. तोंड विटांनी बुजवलंय, पण खालच्या तीन विटा हातानं निघतात."

"देवानं सहा दिवसांत अख्खी पृथ्वी उरकली," ओलेगेर म्हणाला. "तू अकरा वर्षं एक फलाट शोधतोयस."

"देवानं फरशा नव्हत्या लावल्या. माझ्या बापानं लावल्या होत्या."

असुंता म्हणाली, "एकट्यानं जायचं नाही. आणि भिंतीचं लक्षात आहे ना, फेर्मी? आता तिसरी खेप झाली तर किल्ली माझ्याकडे. मग तोंड पाडून बसायचं नाही."

"तू नर्स होतीस की जेलर?"

"माझ्या पेशंटांना विचार. त्यांनाही कधी कळलं नाही."

सगळे हसले. तोही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. बाहेर पडल्यावर कोपऱ्यापर्यंत तो माझ्याबरोबर चालला. तिथे म्हणाला, "बेनेत, किल्ली गेली तर मी दिवसभर काय करू रे? रेमेई मला डाळी निवडायला बसवेल." मी म्हणालो, "नाही जायची किल्ली. मी आहे ना." त्याच्याशी माझे हे शेवटचे बोलणे.

शनिवारी मी घरीच होतो. रेमेई शुक्रवारपासून मुलीकडे जिरोनाला गेली होती, ती सोमवारी संध्याकाळी परत यायची होती.

रविवार दि. २० रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास मी एकटाच सांत पासियात उतरलो. फेर्मीच्या त्या तीन विटा पाहायची मला उत्सुकता होती. त्याच्यामागे त्याची चेष्टा करायची आणि मग हळूच जाऊन बघायचे, असा माझा स्वभाव आहे. भिंतीवर त्याच्या मास्तरी अक्षरात लिहिलेले होते, 'फेर्मी, शनिवार, ४.१०'. इतर कोणाचे नाव नव्हते.

माझ्या मनात एकच आले की, हा परत विसरला. एकोणीस तास कोणी खाली राहत नाही, आणि रविवारी त्या वेळेला फेर्मी घरी खिडकीशी व्हर्मूथचा पेला घेऊन बसलेला असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. बारा वाजता असुंता मोजमापाला उतरणार होती. तिने ते नाव पाहिले असते तर तिसरी खेप झाली असती. मी त्याला तीनदा हाक मारली. मग खिशातला रुमाल थुंकीने ओला केला आणि नाव पुसले. खडूचा माग राहू नये म्हणून आजूबाजूच्या चार फरशाही पुसल्या. विटांचे डोक्यातून गेले. साडेअकराला मी वर होतो. घरी येऊन त्याला फोन केला नाही, कारण मग मी काय केले ते त्याला सांगावे लागले असते आणि त्याला लाज वाटली असती. त्याची लाज राखायला गेलो आणि हे होऊन बसले.

सोमवारी रात्री नऊला रेमेईचा फोन आला, फेर्मी तुझ्याकडे आहे का म्हणून. त्याचे अंथरूण वापरलेले दिसत नव्हते, आणि शनिवारी दुपारी खाली जातोय असे तो तिला फोनवर म्हणाला होता. मंगळवारी सकाळी असुंता, ओलेगेर आणि मी खाली उतरलो. असुंताने बॅटरीचा झोत सगळ्या भिंतीवरून फिरवला.

"नाव नाही," ती म्हणाली. "म्हणजे वर आलाय."

ओलेगेरने छातीवर क्रूस काढला. मला बोलायचे होते. जिभेवर आले होते. मी स्वतःशी म्हणालो, वर गेल्यावर सांगू. वर तळघराच्या दारात रेमेई उभी होती. असुंताने तिला सांगताच ती तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. "वर आला ना? मग मोकळ्यावर आहे. वाट चुकला असेल. सापडेल, कुठंतरी बाकावर बसलेला सापडेल," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यानंतर माझ्याने तोंड उघडवले नाही. त्याच दिवशी इथे येऊन आम्ही सांगितले की, इसम शनिवारी सुखरूप वर आला असून विस्मरणामुळे भटकला असावा. आपले लोक इस्पितळे आणि समुद्रकाठ शोधायला लागले. बोगद्यात कोणी गेले नाही. त्यात आपल्या लोकांचा दोष नाही.

बुधवारी आणि गुरुवारी मी रेमेईबरोबर किनाऱ्याच्या गाडीने हिंडलो. दर स्टेशनवर उतरून फेर्मीचा फोटो चिकटवला. अकरा ठिकाणी मी स्वतः खळ लावली. तो जाड स्वेटर घालून गेलाय, थंडी नाही वाजायची, असे ती गाडीत सांगत होती. काल परतीच्या वाटेवर तिने विचारले, "बेनेत, खाली एकदा परत बघायचं का?"

मी म्हणालो, "कशाला? नाव पुसलंय की."

हे मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो. आज का आलात असे आपण विचारले, त्याचे उत्तर हे आहे. एवढा नीच मी आधी नव्हतो.

या ठिकाणी अंमलदारसाहेब उठून शेजारच्या खोलीत फोन करून आले. अग्निशमन दलाची माणसे निघाली आहेत असे मला सांगण्यात आले. फेर्मी हवेच्या विहिरीतल्या शिडीनेच उतरला असणार, तिच्या खालच्या पायऱ्यांवर भार देऊ नये, दोर लावूनच उतरावे, आणि मंगळवारच्या पावसानंतर तळाचे पाणी वाढलेले असणार, हे मी त्यांना कळवायला सांगितले. नकाशा काढून दिला.

रविवारी हाक मारल्यावर काही ऐकू आले काय, असे विचारल्यावरून सांगतो की, तिसऱ्या हाकेनंतर गाडी गेली. ती गेल्यावर ठोकल्यासारखा आवाज आला. लोखंडावर दगड मारावा तसा. तीन ठोके, मग थोडे थांबून दोन. मी पाण्याचा पाइप असेल असे धरले. पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, रुळावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखणे हे बत्तीस वर्षे माझे काम होते. पाइप कसा वाजतो ते मला माहीत आहे. तो पाइप नव्हता. त्या वेळी मला घाई होती, पावणेबारा व्हायच्या आत बाहेर पडायचे होते, म्हणून मी पाइप असे ठरवले. हे मी आजपर्यंत स्वतःशीही बोललो नव्हतो.

तो जिवंत असेल असे वाटते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. रविवारी होता.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. असुंता आणि ओलेगेर यांचा यात काही संबंध नाही. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

सव्वाबाराच्या सुमारास फेर्मीची पत्नी रेमेई ग्रासेत रोजच्याप्रमाणे चौकशीला आल्या आणि या खोलीबाहेर बसल्या. दार किलकिले होते. मला पाहून त्या म्हणाल्या, "तू पण आलास? बरं केलंस. काही कळलं का रे?" जबाब वाचून दाखवायचा म्हणून अंमलदारसाहेब दार लावायला उठले. ते उघडे ठेवावे आणि मोठ्याने वाचावे अशी मी त्यांना विनंती केली. माझ्या तोंडाने तिला हे सांगणे मला जमणार नाही, हेही सांगितले. त्यांनी सुरुवातीपासून वाचले. रविवारच्या मजकुराशी ते थांबले आणि दाराकडे बघून, पुढे वाचू का, असे विचारले.

बाहेरून रेमेई म्हणाली, "वाचा."

मग ठोक्यांचा मजकूर धरून शेवटपर्यंत सगळे वाचण्यात आले. लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे, त्यात कमी-जास्त काही नाही, आणि ते खरे आहे.

सही,
बेनेत फोंतानेल्स
दुपारी १२ वाजून ५० मिनिटे