घट्ट झाकणाचा डबा

विशेष मुलांच्या त्या सरकारी बालवाडीत मुलं नऊच. शाळा सुटायची होती. बाहेरच्या बाकावर मी मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरत होतो. शेजारी एक आजी आणि एका मुलीची आई बसल्या होत्या.

“आजी, डबा घट्ट लावून पाठवा, असं बाई का सांगतात हो?”

“पोरांनी उघडून मागावा म्हणून.”

“माझी तर बोलतच नाही. मी आपलं रोज झाकण सैल ठेवायचे.”

“आणि आज?”

“आज घट्ट लावलंय. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. उपाशी राहिली तर?”

“छे! नाहीच मागितला, तर बाई थोड्या वेळानं उघडतात. माझ्या नातीला अडीच महिने लागले. आता घरभर हुकूम सोडते.”

“तोंडानं?”

“बोटानं! सगळं घर तिच्या धाकात.”

“सुटली वाटतं शाळा. आली माझी. इकडे आण गं तो डबा.”

“थांबा, घेऊ नका. काय करते बघू.”

“आजी, माझा हात धरून झाकणावर ठेवतेय ही.”

“मग?”

“मागतेय हो! माझ्याकडे मागतेय!”

“अहो, मग रडत काय बसलात? उघडा आधी, पोरीला उरलेलं खायचंय!”