हॉलिसचं झाड

केंटकीतल्या त्या दुकानात गळ, काडतुसं आणि शिकारीचे परवाने एकाच काउंटरवर मिळत. कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं खांद्यावर घेऊन म्हातारा ऑर्विल रांगेत उभा होता. त्याच्या पुढे ओहायोहून आलेला एक तरुण दुकानवाल्या ड्रीमाबाईंशी बोलत होता.

"परवाना आहे की माझ्याकडे. हा बघा."

"हा ओहायोचा, राजा. इथे परराज्यातल्यांचा वेगळा काढावा लागतो. शिवाय टर्की पक्षी मारायचे तर त्याची परवानगी निराळी."

"अरे देवा! उद्या पहाटेच जायचंय हो."

"मग आत्ताच काढू दोन्ही. परवाना एका दिवसाचा, आठवड्याचा की वर्षाचा?"

"एका दिवसाचा बास. पुन्हा कोण बोलावतंय! टॅबिथाशी लग्न करायचंय मला, पण तिच्या वडिलांच्या मनात मी काही भरत नाही."

"कोण वडील?"

"हॉलिस स्टॅम्पर. काल जेवताना माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, टर्की रात्री ज्या झाडावर बसतात ते झाड तुला दाखवतो."

"हॉलिस म्हणाला? झाड दाखवतो?"

"हो. का? फार लांब आहे का?"

ऑर्विलने पोतं खाली ठेवलं.

"ड्रीमा, ह्याला वर्षाचा दे."

"अहो काका, मला एकच दिवस..."

"पोरा, मी हॉलिसचा सख्खा थोरला भाऊ. ते झाड त्याने मलाही अजून दाखवलेलं नाही."