मागून आणलेलं गंगाळ

पुनम : ...बाक चार, त्यांतल्या एकाला विटेचा टेकू. सतरंज्या दोन. कंदील तीन. पेटी एक, तिचे दोन सूर मुके. गीतांची पुस्तकं एकोणीस, पण पुठ्ठा शाबूत असलेली सहाच. घंटा नाही, तिच्या जागी रुळाचा तुकडा टांगलेला. बरोबर ना, काका?

खुशाल : तुकडा काऊन मनतेस? घंटाच हाय ते. माह्या बापानं टांगली. आजबी ठोकली का तीन गावाले आयकू जाते.

पुनम : बरं. घंटा एक, रुळाची. आणि स्टीलचा टब एक, नवा.

खुशाल : थो नको लिवू.

पुनम : का? मंडळीच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिही, असं तुम्हीच म्हणालात. मी आधी प्रार्थनाघरात आज काय आहे ते मोजून घेते. टब तर समोर आहे.

खुशाल : त्या टबानंच घोर लावला ना. आता विहिरीवर शेजारची सुगंधाबाई भेटली. मनली, 'तुमाले आमचं गंगाळ लागत नाई आता. आज वाजिद येऊन राह्यला गावात, मोडीत देऊन टाकते.' तोंडबी नाई केलं माह्याकडं.

पुनम : त्यांना कोणी सांगितलं?

खुशाल : कुरखेड्याहून एस्टीत टब मांडीवर घेऊन कोन बसली होती? मागच्या सीटवर तिची सून होती. आनखीन कोन सांगाले पायजे?

पुनम : काका, मागच्या पवित्र गुरुवारी मी इथेच होते. गंगाळ गळत होतं. अर्ध्या लोकांचे पाय धुऊन होईपर्यंत सतरंजी ओली झाली होती. मला वाटलं, पन्नासाव्या वर्षी तरी मंडळीचं स्वतःचं भांडं असावं.

खुशाल : वाटलं ते वाईट नाई. पन इचाराव तर लागते, पोरी.

पुनम : मग आता विचारते. पन्नास वर्षं आपण ते मागूनच का आणतो?

खुशाल : बस इथी. माहा बाप सुकलू अन् आनखीन पाच घरं छत्तीसगडातून इकडं सागवान चिराले आले. सारे ख्रिस्ती, मेनोनाईट मंडळीचे. आऱ्या होत्या, बायबल होतं, पन पान्याले एक मोठं भांडं नोहतं. गुरुवार आला. प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुवाचे, पन कशात? बाप गेला शेजारी. सुगंधाबाईच्या सासूनं इचारलं, 'कोनाचे पाय धुता?' बाप मनला, 'एकमेकांचेच. ज्याच्यासंग सालभर भांडन झालं, त्याचे आधी.' ते हासली. मनली, 'मंग मोठंच न्या.'

पुनम : हे मी जसंच्या तसं लिहिणार.

खुशाल : लिव ना. दोन सालानं धमतरीहून मिशनचे साहेब आले, त्यायनं तामचिनीचं घमेलं देल्लं. बापानं हात जोडून घेतलं अन् कोंबड्यायले पानी ठेवलं त्यात. गुरुवारी पुन्हा सुगंधाबाईकडं. साहेब मनला, काऊन? बाप मनला, 'साहेब, मागाले जातो म्हून त्या घरच्या ओट्यावर घडीभर बसाले भेटते. घमेलं आपलं झालं तर मी कोन्या कामानं जाऊ?'

पुनम : हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

खुशाल : तू नागपुराले रसायन शिकून राह्यली होती. चाल, ऊठ. टबबी घे संग.

पुनम : टब कशाला? आणखी चिडतील त्या.

खुशाल : लपवून काय भेटते?

(सुगंधाबाईचं अंगण. मोडीची भांडी घेणारा आणि फुटकी भांडी कथलाचा डाग देऊन सांधणारा वाजिद चिंचेखाली तराजू लावून बसला आहे. त्याच्यापुढे पितळी गंगाळ.)

सुगंधाबाई : या, खुशालभाऊ. नवं भांडं दाखवाले आनलं? चांगलं हाय. तोंड दिसते त्यात.

खुशाल : बाई, थोडं आयकून घ्या.

सुगंधाबाई : मले ठाऊक हाय. धनराज बोलला म्हूनच ना? चावडीवर मनला, 'हे लोक बाहेरचे, यायले गावचं भांडं काऊन पायजे?' पोटचा पोरगा हाय, पन त्या दिवशी मी त्याले जेवाले नाई वाढलं. तुमाले एवढा राग होता तर मले येऊन बोलाव. टब आनून तोंडावर नाई माराव.

खुशाल : धनराजचं बोलनं आयकलं होतं मी. दुसऱ्याच दिवशी थो नांगर घेऊन आला माह्याकडं, दांडी बसवाले. चा पेला, बैलाच्या गोष्टी करून गेला. मी काऊन राग धरू?

सुगंधाबाई : मंग टब काऊन?

पुनम : आजी, टब मी आणला. काकांना माहीतही नव्हतं.

सुगंधाबाई : तू काऊन आनलास वं? तुही पयली आंघोळ याच गंगाळात झाली. मी घातली. आठवते का?

पुनम : ते मला कसं आठवेल?

सुगंधाबाई : मले आठवते. लाता मारून अर्धं पानी सांडवलंस. तवापासून अशीच हायस.

पुनम : आजी, गंगाळ गळतं.

सुगंधाबाई : काय मनलीस?

पुनम : बुडाच्या सांध्यातून. मी मागच्या वर्षी पाहिलं.

सुगंधाबाई : खुशालभाऊ, इकडं पाहा. तुमी वापस आनता तवा मी दरसाल काय इचारते?

खुशाल : गंगाळ कसं हाय, मनता.

सुगंधाबाई : अन् तुमी?

खुशाल : बेस हाय, मनतो.

सुगंधाबाई : किती सालापासून गळते?

खुशाल : तीन. मी बुडाले लाख लावत होतो. थोडा वेळ धरते, मंग सोडते.

सुगंधाबाई : वा रे वा! आमच्या बांधाचा खटला झाला तवा तुमचा बाप साक्षीदार होता. तहसीलदार मनला, शपथ घे. थो मनला, 'आमी शपथ घेत नाई. हो मनलं का हो, नाई मनलं का नाई.' तहसीलदार लालेलाल! माहा सासरा उठून मनला, 'साहेब, बिनशपथेचं लिवून घ्या, हा मानूस खोटं बोलत नाई.' अन् त्याचा पोरगा मले तीन साल सांगून राह्यला, बेस हाय, बेस हाय!

खुशाल : बाई, पयल्या साली तुमचे मालक बापूजी जाऊन पंधरा दिवस झाले होते. तशा घरी येऊन, तुमचं भांडं फुटकं हाय, कसं बोलू? दुसऱ्या साली वाटलं, आता सांगतलं तर मनान, मांगं काऊन नाई सांगतलं. तिसऱ्या साली सवय झाली.

सुगंधाबाई : सवय झाली मनते! आयकते का रे, वाजिद?

पुनम : पण आजी, तुम्हाला कधीच कसं कळलं नाही?

सुगंधाबाई : कसं कळन? आता घरी साऱ्या पलाष्टिकच्या बादल्या. गंगाळ सालभर माळ्यावर, तुमच्या गुरुवारापुरतं उतरते. अन् हे लोक वापस आनतात त्यात मोहफुलं भरून. दारू काढत नाई ना, वेचलेली सारी आमच्या घरी. मोहफुलं काही गळत नाई!

खुशाल : चुकलंच माहं. माफ करा.

सुगंधाबाई : तुमी ओल्या सतरंजीवर बसून पाय धुतले, अन् मी इथी फुगून होते का आमचं भांडं यायच्या पूजेले जाते. लाज वाटून राह्यली मले. वाजिद, तराजू ठेव बाजूले. याले डाग देता येते का? काय मनतोस... बूड झिजलं? अरे, पाहून तर घे. बसला तर बसला.

खुशाल : नाई बसला तरी चालते, बाई. आमी खाली काही तरी ठेवू.

सुगंधाबाई : मले नाई चालत. माह्या घरून फुटकं भांडं देवाच्या कामाले जानार नाई, देव कोनाचाबी असो. डाग लावून झाला का पानी भरून ठेवाचं. गळलं तर आजच मोडीत. नाई गळलं तर उद्या तुमच्या गुरुवारले घेऊन जा. बस.

खुशाल : अन् मोडीत गेलं तर?

सुगंधाबाई : तर तुमचा टब हाय ना. माह्या घरी मंग कायले येता?

खुशाल : वाजिदभाऊ, जरा मन लावून करजा रे.

सुगंधाबाई : त्याले करू द्या. पुनम, लिवाले आनलंस ना? मंग लिव. तुमच्या मंडळीचं ते नाव मले अजून बोलता येत नाई. आमी आपलं सुकलूची मंडळीच मनतो.

पुनम : चालेल, तेही लिहिते. तुमची पहिली आठवण कोणती?

सुगंधाबाई : लग्न होऊन आठच दिवस झाले होते. सासूनं सांगतलं, जा, गंगाळ घेऊन ये. मी दारात उभी. आत सुकलूभाऊ अन् त्याचा साळा मुखरू समोरासमोर बसून होते. धानाच्या रोवनीपासून दोघं बोलत नोहते, साऱ्या गावाले ठाऊक. सुकलूभाऊ त्याचे पाय धुऊन राह्यला, अन् मुखरू लेकरावानी रडून राह्यला. पानी असं गढूळ! घरी येऊन सासूले सांगतलं. ते मनली, 'बरं झालं आपल्या घरी ही रीत नाई. माह्या अन् जावेच्या पायाले विहीर नसती पुरली.'

खुशाल : मुखरूमामा मंग मरेपरेंत बापाच्या बाजूलेच बसे.

सुगंधाबाई : अन् हेबी लिव. बापूजी तापानं पडून होते, चिखलनी झालेली, रोपं पिवळी पडून राह्यली. एका सकाळी पाहतो तर तुमची सारी मंडळी आमच्या धानाच्या बांधीत. कोनं बोलावलं नाई, कोनं काई मागतलं नाई. दोन दिवसात रोवना करून गेले. ते धान खाऊन वाचलो आमी त्या साली.

खुशाल : हे काऊन लिवाचं? त्याच्या आधी वणव्यात प्रार्थनाघर जळलं तवा बांबू कोनाचे होते? गवत कोनाचं? छपरावर सगळ्यांत आधी चढले ते बापूजी. ते लिव, पोरी. आमी सहा घरं परक्या जंगलात आलो अन् इथी राहून गेलो, ते या घरच्या भरोशावर. हे मले तीन सालाआधी, बापूजी गेले तवा, बोलता नाई आलं. आज बोलतो.

सुगंधाबाई : बोलले ना आता. चा घ्या. झालं का रे, वाजिद? थंड होऊ दे. पुनम, वत पानी.

पुनम : टबातही ओतते. दोन्हींत सारखंच, काठापासून एक वीत खाली.

सुगंधाबाई : टबात काऊन? थो तर नवा हाय.

पुनम : चैताचं ऊन आहे, आजी. पाणी वाफ होऊनही कमी होतं. गंगाळातलं उतरलं, तर ते गळून उतरलं की उन्हानं, हे कळायला न गळणारं भांडं शेजारी पाहिजे. दोन्ही सावलीच्या बाहेर ठेवूया. एक तास.

सुगंधाबाई : चला, आला तुहा टब कामाले.

खुशाल : मी पाहू का बुडाखाली हात लावून?

सुगंधाबाई : तुमी हातबी नका लावू. तिकडं जाऊन बसा, वाजिदजवळ. तुमचं बेस हाय मले आता नाई पायजे.

खुशाल : बसतो, बाई.

सुगंधाबाई : धनराजबी येऊन उभा राह्यला पाहा. ये, बस. बोलू नको, पानी हालन.

पुनम : झाला तास.

सुगंधाबाई : थांब. खुशालभाऊ, तुमी तिकडंच पाहा. हां, सांग आता. पट्टी धरून, जसं असन तसंच.

पुनम : टबातलं पाणी एक मिलिमीटर उतरलं. गंगाळातलं एक मिलिमीटर.